पोहणाऱ्याला तोंड नसतं

बाबा, तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर काढलेल्या त्या समुद्री प्राण्यावर आज मासिकासाठी लेख लिहून दिला. छापखान्याचा माणूस दारात खोळंबला होता, म्हणून हात भराभर चालला. तो गेला आणि मी हा दुसरा कागद पुढे ओढला.

अमेरिकेतल्या लढाईमुळे अमरावतीत कापसाला सोन्याचे दिवस आले होते, तेव्हाची गोष्ट. छावणीतला गोरा डॉक्टर तुमच्याकडे मराठी शिकत असे. आधी तो जहाजावर होता. खोल पाण्यातून जाळ्यात आलेला एक प्राणी त्याने बाटलीत घालून तुम्हाला दिला. तुम्ही ती सरकीच्या कापसात गुंडाळून आणलीत. बाटली शाबूत, पण आतला प्राणी सुटा सुटा झालेला. तळाशी काचेसारख्या टोप्या आणि दोऱ्याचे तुकडे. तुम्ही चुलीतला कोळसा उचलून तो प्राणी भिंतीवर पुन्हा जोडलात. वर हवेचा फुगा, खाली पोहणाऱ्या टोप्या, मग लांब देठ, त्यावर खाणारे, डंख मारणारे, झाकणारे. सगळे एकाच अंड्यातून फुटलेले, कधीच वेगळे न झालेले. प्रत्येक जण खरं तर एक प्राणीच, पण एकेकाने एकच काम धरलेलं. पोहणाऱ्याला तोंड नसतं, तुम्ही सांगत होतात. खाणारा खातो, ते देठातून त्याला पोचतं.

आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि चूल ताईकडे होती. ही आपली खाणारी, म्हणून तुम्ही तिच्याकडे बोट केलंत.

"मले काहून तोंड केलं, बाबा? माही बडबड जास्त म्हनून?"

तुम्ही इतके हसलात की तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही पोहणारे झालात. मी काहीच करत नव्हतो, म्हणून फुगा.

त्याच हंगामात ताईचं लग्न तेल्हाऱ्याला झालं. सगळ्या गाड्या कापसाला लागलेल्या. बाजारात कापूस उतरवून परतणाऱ्या गाडीतून ती गेली, शालूभर कापसाचे तंतू घेऊन. तिला निरोप देऊन घरी आल्यावर मी भिंतीकडे बघत विचारलं, सुटलेला पोहणारा काय करतो?

"पोहत राहते, बापा," तुम्ही म्हणालात. "थोडा वेळ."

तुम्ही शाळेत जात होतात, डॉक्टरला शिकवत होतात, वेळेवर घरी येत होतात. ताट मात्र तसंच राहायचं. मी थापलेली भाकरी आत कच्ची असे. तुम्ही चार घास चावून चांगली झाली म्हणायचात. पुढचा कापूस फुटायच्या आत तुम्ही गेलात. ताई आली तेव्हा चूल थंड होती. तिने मला आधी जेवू घातलं, मग ती रडली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगतो. लेखात सगळं तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं आहे. फक्त सुटलेला पोहणारा पोहत राहतो, एवढं लिहून मी पूर्णविराम दिला. पुढचे तुमचे दोन शब्द माझ्याने लिहवले नाहीत.