अस्तरातला कागद

अष्टमी, ता. रोहा
रविवार, ११ फेब्रुवारी १९९६

चि. शीरा हिला आजीचा शालोम आणि दोन्ही गालांवर एकेक मुका.

आधी आला तो सॉलोमन, आपल्या सिनेगॉगच्या किल्ल्या सांभाळतो तो. शुक्रवारची दुपार, मी शब्बाथच्या स्वयंपाकात, नारळाचं दूध काढून हात भरलेले, आणि हा दारातूनच सांगतो, "दीनाकाकी, तुझ्या नातीच्या कॉलेजातली माणसं आलीत मुंबईहून, सिनेगॉग बघायला. चल लवकर." मी म्हटलं, "सिनेगॉग कुठे पळून जात नाय, त्यांना आधी पाणी दे." तोवर तुझ्या वत्सला मॅडम आत आल्याच. त्यांच्या मागून ते उंच, न हसणारे परीक्षक, हैबतराव सर. कोलाडला एस.टी.तून उतरून रिक्षाने आले बिचारे.

मॅडम म्हणाल्या, आमच्या कलाशाळेत शीराचा प्रबंध पहिला आलाय. मेडल मिळेल, पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्तीही. शीरा गो, मी त्या बाईचे हात तसल्याच ओल्या हातांनी धरले. मागाहून सगळ्या आळीत सांगून आले, पोह्याच्या गिरणीवाल्यालासुद्धा. तो म्हणाला, "मेडल सोन्याचं काय?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय, तू पोहे कुट."

पण नाव जाहीर करायच्या आधी, तू ज्याच्यावर प्रबंध लिहिलास तो सिनेगॉगमधला पडदा एकदा डोळ्यांनी बघायचा, असं हैबतरावांचं म्हणणं पडलं. म्हणून गेलो सगळे. सेफेर-तोऱ्याच्या पवित्र गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटावरच्या पडद्यापुढे उभं राहून मॅडमनी तुझं पुस्तक उघडलं नि वाचलं, "निळ्या मखमलीवरील ही वेल बेने इस्रायलींचे पूर्वज गलबतातून कोकणात आले तेव्हा सोबत घेऊन आले, असे आजी सांगते. पडदा सुमारे शंभर वर्षांचा. कर्ती अज्ञात."

मी विचारलं, अज्ञात म्हणजे काय? म्हणाल्या, कोणी केलं ते माहीत नाही. मी बरं म्हटलं. पण तो शब्द भातातल्या खड्यासारखा लागला मला.

हैबतराव पडद्याला नाक लावून किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "आजी, अशीच वेल मी पेणला पाहिलीय. गणपतीच्या पितांबराच्या काठावर." सॉलोमन हसला. "सर, गणपतीचा काठ आमच्यात कशाला येतोय? उन्हातून आलात, ऊन डोक्यात चढलं असेल." मीही हसले. पण त्यांनी दोन बोटांनी पडदा दाबला, आणि आतून करकर आवाज आला.

"आत कागद आहे का?"

"जुनं कापड हाय, ताठरलंय," मी म्हटलं.

"पुढच्या खेपेला अस्तर थोडं उसवून बघू. परत शिवून देऊ."

सॉलोमन म्हणाला, काकी हो म्हणेल तर. तिघंही माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "उसवा की." दुसरं काय म्हणणार होते? घरी येऊन चहा दिला, घाऱ्या दिल्या. हैबतरावांनी चार खाल्ल्या. त्या माणसाचा संशय पडद्यावर, घाऱ्यांवर नाय.

आपल्या आळीतून गेलेल्या तामारचं पत्र आलंय इस्रायलहून. तिथल्या थंडीत गुडघे धरतात म्हणते, आणि बोंबील मिळत नाहीत. तुझी चौकशी केलीय.

शुक्रवारपासून टाळतेय, आता लिहून टाकते. तो पडदा मी भरलाय, शीरा. १९५८ साली. तुझे बाबा तेव्हा रांगत होते.

माझं माहेर पेणचं हे तुला ठाऊक. भिंतीला लागून गणपतीचा कारखाना होता आणि मालू त्या घरातली, माझ्याच वयाची. पितांबराचे काठ तीच रंगवायची, हात असा की बघत राहावं. पुढे ती लग्न होऊन रोह्यात आली, मी अष्टमीत, मध्ये एवढा एक पूल. जुना पडदा उंदरांनी खाल्ला तेव्हा मी तिला म्हटलं, एक वेल काढून दे. तिने कॅलेंडरच्या पानामागे काढून दिली. मखमलीवर छाप उठत नाही, म्हणून कागद मागून टाचला आणि त्याच्या रेघेवरून टाके घातले. वरून अस्तर लावलं. कागद आतच राहिला.

सासऱ्यांना मी सांगितलं, पडदा माझ्या पेणच्या आजीच्या पेटीत मिळाला. सुनेने भरलाय आणि वेल गणपतीवाल्यांकडची, असं म्हटलं असतं तर कोणी टांगू दिला असता? जुना म्हटल्यावर सगळ्यांनी हात लावून डोळ्यांना लावला. गलबत मी नाही घातलं हो. ते त्या वेळी प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानने एका सणाला बोलता बोलता घातलं, आणि मी गप्प बसले. मग कळती माणसं एकेक करून इस्रायलला गेली, आणि मी म्हणेन ते खरं झालं. तू टेप घेऊन बसलीस, इतक्या आनंदाने लिहून घेत होतीस, की मला तोडवलं नाही.

आज सकाळी सॉलोमनकडून किल्ली मागून घेतली आणि कात्री घेऊन गेले. दोन टाके कापले. कागदाचा कोपरा दिसला, त्याच्यावर अठ्ठावन्नचं साल छापलेलं आणि मालूच्या कुंचल्याचा एक हिरवा ठिपका. ओढला असता तर हळूहळू सगळा निघाला असता. चुलीत घातला की तुझं मेडल पक्कं. हात तिथपर्यंत गेला, खोटं कशाला सांगू.

मालूला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या घरच्यांनी किती गणपती केले, सगळे पाण्यात गेले. तिच्या हाताचं दुसरं काही कुठे उरलं असेल असं मला वाटत नाही. मी ते दोन टाके परत घातले नि घरी आले.

आता तू मॅडमकडे जा. हैबतरावांनी कागद काढून दाखवायच्या आधी त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. हे पत्र दाखव हवं तर, अक्षर हसण्यासारखं आहे पण वाचता येतं. मेडल राहील का जाईल, मला सांगता येत नाही. गेलं तर माझ्याशी बोलू नकोस महिनाभर, मी समजेन. पण ते अज्ञात खोड. तिथे मालूचं नाव आधी लिही, माझं नंतर.

पडदा भरणारी, तुझी आजी,
दीना एलियाह अष्टमकर

ता. क. किल्ली अजून माझ्याकडेच हाय, आणि कात्री मी शेजारी देऊन टाकलीय. ते लोक मंगळवारी, वीस तारखेला येतो म्हणून गेलेत.