जर्दाळूवरच्या भुरीचे कूळ आणि माझी अर्धी बाग

मी, शाहेंदे तुंचकोल, वय त्र्याहत्तर, अविवाहित, फळझाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार मालात्या शहर, या लेखाने लिहून ठेवते की आज माझी शुद्ध शाबूत आहे, हात थरथरत नाही, आणि कोणी मला धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेले नाही. वयामुळे नोटरीने डॉक्टरांचा दाखला मागितला. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत खाली पोचले तेव्हा डॉक्टर स्वतः एकेचाळिसाच्या आसपास कुठेतरी चुकले होते. दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र करीन अशी धमकी भावाला पुष्कळदा दिली आहे. त्या सर्व धमक्या या लेखाने रद्द समजाव्यात.

कलम १. सारीबाग गावातील वडिलोपार्जित जर्दाळूच्या बागेतला माझा अर्धा हिस्सा मी माझी भाची निलाय आणि तिचा नवरा तुंजाय यांना समान देते. अट एकच. बांधाच्या भिंतीपलीकडे आलुबुखाराची जी रांग आहे, तिला कुऱ्हाड लागता कामा नये. ती झाडे माझी नाहीत, तुंजायचे वडील वेहबी बे यांची आहेत. दुसऱ्याच्या झाडांबद्दल अट घालता येत नाही, असे नोटरी म्हणाले. म्हणून अट अशी लिहिते: ज्या दिवशी ती रांग पडेल, त्या दिवशी माझा हिस्सा प्रयोगशाळेकडे जाईल. प्रयोगशाळेतले लोक बाग कशी सांभाळतात हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे अट पाळली जाईल. अटीचे कारण खाली देते. ते कोर्टाने वाचावे. बाकी सगळ्यांना तोंडपाठ आहे.

रुश्तू हा माझा धाकटा भाऊ, निलायचा बाप. वडिलांच्या मागे बाग त्यानेच सांभाळली. मी शहरात राहून झाडांवरच्या बुरशा ओळखण्याची नोकरी केली. बहीण काय करते असे कोणी विचारले की रुश्तू सांगे, "सरकारात आहे. पानं बघते."

दहाएक वर्षांपूर्वी त्याच्या कोवळ्या जर्दाळूंवर दर वसंतात भुरी येऊ लागली. आधी पिठाचा हात लागल्यासारखे पांढरे ठिपके, मग त्याखाली खरबरीत डाग. वाळवलेले फळ डागी निघे आणि व्यापारी नाक मुरडत. त्याच सुमारास भिंतीपलीकडे वेहबी बे यांच्या आलुबुखारांची पानेही पांढरी दिसली. रुश्तूने इकडे पांढरे पाहिले, तिकडे पांढरे पाहिले, आणि निकाल देऊन टाकला.

"वेहबी, तुझी भुरी तुझ्या झाडाला बांधून ठेव."

"माझी भुरी चांगल्या घरची आहे, रुश्तू. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाही."

हे दोघांचे रोजचे झाले. मुखतार जेव्देत बे, म्हणजे आमचे गावप्रमुख, मध्यस्थीला दोन्ही घरी चहा पीत. या दोघांचे पूर्वी पाटाच्या पाण्यावरून वाजले होते, तेव्हाही मुखतारांनीच तोड काढली होती आणि समेटाची खूण म्हणून स्वतःच्या अंगणातल्या गुलाबाचे एकेक रोप भिंतीच्या दोन्ही अंगांना लावून दिले होते. "काटे भिंतीवर असू देत, मनात नकोत," हे त्यांचे तेव्हाचे वाक्य. ते त्यांनी नंतर प्रत्येक लग्नात वापरले.

अशात निलाय आणि तुंजाय यांनी परस्पर ठरवून टाकले. वेहबी बे मुलाला घेऊन रीतसर मागणी घालायला आले. निलायने रिवाजाप्रमाणे नवऱ्या मुलाच्या कॉफीत मीठ घातले, तुंजायने ती चेहरा न हलवता प्यायली, आणि रुश्तू म्हणाला, "पोरगी देतो. आधी ती आलुबुखाराची रांग पाड."

वेहबी बे यांचा कप हातातच राहिला. ती रांग त्यांच्या बायकोने लावली होती. मकबूले तिचे नाव. पाटाचे पाणी मिळेना तेव्हा ती विहिरीवरून बादल्या आणून घालायची. तिला जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. वेहबी बे भांडतील असे सगळ्यांना वाटले. ते म्हणाले, "बरं." आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निलायचा फोन आला. "आत्या, तू ये. बाबा जिंकलेत आणि घरात कुणी जेवत नाहीये."

मी पोचले तेव्हा तुंजाय आमच्या अंगणात, वडिलांसमोर, कुऱ्हाडीला धार लावत होता. इतकी सावकाश धार लावणारा माणूस मी पाहिलेला नाही. रुश्तू माझी वाटच पाहत होता. त्याला आता तज्ज्ञ हवी होती, तरी हाक त्याने नेहमीचीच मारली: अब्ला, म्हणजे ताई.

"अब्ला, या लोकांसमोर एवढंच सांग. ही भुरी आलुबुखाराचीच ना?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे? जन्मभर भुरीवर पोट भरलंस, आणि भुरी ओळखता येत नाही?"

"वसंतात सगळ्या भुऱ्या सारख्याच दिसतात, रुश्तू. पांढऱ्या मण्यांच्या माळा. पुढे शरदात काळे दाणे धरले, तर त्यांना फुटलेल्या बारीक शिंगांवरून कूळ सांगता येतं."

"मग शरदापर्यंत थांबू?"

"तुझ्या जर्दाळूंवर ते दाणे धरलेले मी कधी पाहिले नाहीत."

"मग तुझा उपयोग काय?"

हा प्रश्न त्याने पाहुण्यांसमोर विचारला, हे मी इथे नोंदवून ठेवते.

मी म्हणाले, की तोंडावरून ओळख पटत नसेल तर जनुके वाचायची. प्रत्येक बुरशीच्या पेशीत तिचे लिखाण असते. त्यातला एक ठराविक तुकडा काढून वाचला की कूळ निघते, मग ती कितीही पांढरी असो. निकाल येईपर्यंत कुऱ्हाड खाली. तुंजायने ती इतक्या चटकन खाली ठेवली की अंगठा थोडक्यात वाचला.

चिकटपट्टी लावून मी पांढरे पीठ उचलले: जर्दाळूच्या फळांवरून, आलुबुखाराच्या पानांवरून, आणि भिंतीवरचे गुलाबही पांढरे दिसले म्हणून त्यांवरूनही. वेहबी बे म्हणाले, "बहीण भावाच्या विरुद्ध कशाला लिहील?" रुश्तू म्हणाला, "ती भाचीसाठी माझ्याच विरुद्ध लिहील." मग मी दोघांनाही प्रयोगशाळेत नेले. नमुन्यांवर आकडे घातले, कुठला आकडा कुठल्या झाडाचा ते दोघांच्या सहीने पाकिटात बंद केले, आणि दोघांना पांढरे डगले घालून स्टुलांवर बसवले. रुश्तूचे बटण लागले नाही.

यंत्र सुरू झाले.

"आत काय चाललंय?" रुश्तूने विचारले.

"त्या तुकड्याच्या प्रती निघतायत. एकीच्या दोन, दोनाच्या चार."

"म्हणजे झेरॉक्स," वेहबी बे म्हणाले.

"झेरॉक्सला एवढा वेळ?"

"तुझ्या झाडाचा असेल. सहकार्य करत नसेल."

प्रतींचे वाचन व्हायला काही दिवस गेले. अक्षरांच्या ओळी आल्या. त्या मी जगभरच्या भुऱ्यांच्या जमवलेल्या ओळींशी ताडून पाहिल्या आणि दोघांना पुन्हा बोलावून त्यांच्यासमोर पाकीट फोडले.

"वेहबी बे, तुमच्या पानांवरची भुरी आलुबुखाराचीच आहे."

रुश्तू उठून उभा राहिला.

"बस खाली. तुझ्या फळांवरची तिची सख्खी नाही, चुलतसुद्धा लांबची. तुझी भुरी गुलाबाची आहे. भिंतीवरच्या गुलाबाशी अक्षराला अक्षर जुळतंय."

"गुलाबाची भुरी जर्दाळूवर कशी बसेल? ती गुलाबाची आहे ना?"

"ती वाचत नाही कुठल्या झाडावर काय लिहिलंय ते."

त्याने पुन्हा तपासायला लावले. मी ताजे नमुने घेऊन पुन्हा तपासले. तेच आले. एवढ्याने भुरी कुठून कुठे गेली हे सिद्ध होत नाही, तेही मी सांगितले. पण गुलाब काढून पाहायला हरकत नाही, आणि आलुबुखाराचा यात संबंध नाही, हे मात्र पक्के. वेहबी बे यांनी डगला काढून घडी घातली. ती नीट होईना म्हणून ते ती परत परत घालत राहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

परतताना दोघे एकाच गाडीत होते, माझ्या, कारण दुसरी नव्हती. गाव दिसू लागल्यावर वेहबी बे म्हणाले, "रुश्तू, तुला तो गुलाब कुणी दिला होता?"

"तुला दिला त्यानंच."

गाडी सरळ मुखतारांच्या दारात थांबली. मुखतारांच्या अंगणातला गुलाब दळणाच्या चक्कीतून आल्यासारखा पांढरा होता. त्यांनी आम्हा तिघांसाठी चहा ओतला.

"जेव्देत," रुश्तू म्हणाला, "तू समेट लावलास आणि त्याला रोग आला."

"पण तुम्ही दोघं एका गाडीतून आलात."

"तुझ्यावर चालून आलोय."

"चालून या, पण एकत्र आलात ना. समेट तो समेट. साखर किती?"

भिंतीवरचे दोन्ही गुलाब त्याच संध्याकाळी रुश्तूने आणि वेहबी बे यांनी मिळून उपटले आणि जाळले. पुढच्या वसंतात जर्दाळूवर ठिपके जवळजवळ दिसले नाहीत. 'जवळजवळ' हा शब्द मी जाणून लिहिते. रुश्तू सांगताना तो गाळतो. आलुबुखाराची रांग उभी आहे आणि पूर्वीइतकीच पांढरी होते. लग्नात गुलाबाऐवजी कार्नेशनची फुले होती. रुश्तूने 'माझी चूक झाली' असे कधी म्हटले नाही. पण लग्नात व्याह्यांच्या पाहुण्यांना तो हात धरून माझ्यापुढे आणत होता आणि सांगत होता, "ही माझी अब्ला. कसलंही पीठ दाखवा, कूळ काढून देते." माझ्या नोकरीचे इतके बरोबर वर्णन माझ्या वरिष्ठांनाही जमले नव्हते.

कलम २. माझे सूक्ष्मदर्शक यंत्र वेहबी बे यांना द्यावे. प्रयोगशाळेत स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी त्याला एकदा डोळा लावला आणि तेव्हापासून ते दर भेटीला काडेपेटीतून काहीतरी आणतात. एकदा चीज आणले होते. एकदा दाढीचा केस. आता त्यांनी मला न विचारता पाहावे.

कलम ३. माझा फ्रीज भाऊ रुश्तू याला, आतल्या डब्यांसह. डब्यांवर मी 'खाऊ नये' असे लिहिलेले आहे. तरी त्याने एकदा भुरीची वाळलेली पाने पुदिना समजून दह्यात चुरली, दोन वाट्या खाल्ल्या, आणि मीठ कमी आहे म्हणाला. त्याला काही झाले नाही. शास्त्रासाठी एवढे त्याने केले आहे.

कलम ४. बँकेत जे उरेल ते प्रयोगशाळेला. भिंतीवर माझा फोटो लावू नये. त्या पैशांत चार नळ्या जास्त घ्याव्यात. ज्या माजी वरिष्ठांनी "बायकांनी पानं गोळा करावीत, निष्कर्ष आम्ही काढू" असे सांगून वर माझी छत्री नेली, ती छत्री त्यांच्याकडेच राहू द्यावी. ती गळते.

कलम ५. मला सारीबागला वडिलांशेजारी पुरावे. लोकांना रिवाजाचा हलवा पोटभर वाढावा. मुखतार जेव्देत बे यांनी भाषण करू नये.

कलम ६. जो साक्षीदार होतो त्याला स्वतःला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असा कायदा आहे. मुखतारांना काय द्यावे हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. तो या कायद्याने सोडवला.

हा लेख मी स्वतः वाचला. हेच माझे म्हणणे आहे आणि यात कोणी एक शब्दही फिरवलेला नाही.

मालात्या, १४ ऑक्टोबर २०१९
(सही) शाहेंदे तुंचकोल

साक्षीदार पहिली: पेरिहान अकसोय, प्रयोगशाळा प्रमुख. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: जेव्देत कारादाऊ, मुखतार, सारीबाग. (सही) साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे नोटरी म्हणाले. मी वाचला. बाई शुद्धीवर आहेत, याबद्दल शंका नाही. कलम ५ मान्य नाही. इतक्या वर्षांची ओळख आहे, मी दोन शब्द बोलणार.

नोटरींच्या परवानगीने समासात जोड: बोलावे. पण ते काय बोलणार हे मला आधी ऐकायचे आहे. शुक्रवारी दुपारी मी घरीच असते. — शा.