भेरूजींच्या कडुनिंबावरचे भुंगे

२९ जून, सोमवार, सं. ७.१५
फवारणीचा पंप धूत होतो. शेताच्या कोपऱ्यात भेरूजींचा, म्हणजे भैरवाचा, ओटा, त्यावरच्या कडुनिंबाला तपकिरी भुंगे लगडलेत. हेच जमिनीत अंडी घालतात, मग त्यांतून मुळं खाणारी हुमणी अळी. आजच झोडपून पाडायला हवेत.
काठी घेऊन गेलो. ओट्याची पूजा करणाऱ्या कमलाबाईंनी अडवलं. "भेरूजी का नीम है बेटा, इसको लकड़ी नी लगे."
"हाथ से हिला लूँ?"
"पहले चोला चढ़ा. इतवार को."

३० जून
बटाईवाल्या बद्रीलालला म्हटलं, रविवारपर्यंत अंडी घालून मोकळे होतील.
"तो भेरूजी से बोल, इतवार जल्दी ले आए."
अर्धा वाटा त्याचा, तरी झाडाला हात लावायला तयार नाही. मीही लावला नाही.
जमीन काकांची. त्यांनी मे महिन्यातच सांगितलंय, यंदा सोयाबीन गेलं तर ती प्लॉट पाडणाऱ्या कॉलनीवाल्याला विकायची. मग मी परत शहरात, देवास गेटच्या दुकानात, पुड्या बांधायला.

५ जुलै
शेंदूर, तेल, नारळ. भेरूजींना शेंदराचा चोला चढला. अंधार पडताना कमलाबाईंनीच पहिली फांदी हलवली. खालच्या ताडपत्रीवर भुंगे पडले, पण अगदी थोडे.
"देख, भेरूजी ने खुद भगा दिए."
मी वर बघितलं. पानांची चाळणी झालीय.

११ ऑगस्ट
मधल्या पट्ट्यात रोपं पिवळी. बद्रीलाल म्हणतो पाणी साचलं. एक रोप धरलं, ओढायच्या आतच हातात आलं. मुळं नाहीत. खाली पांढरी अळी, अंग मुडपून पडलेली.
औषध ओतलं. दुकानदार म्हणाला, एवढी मोठी झाल्यावर फारसं लागू पडत नाही. हे आधी…

१६ ऑगस्ट
काका नानाखेड्याहून दुपारी आले. बद्रीलाल सकाळीच म्हणाला होता, "सड़क से दिखा देना. वहाँ से हरा दिखे है."
सडकेवरच उभं केलं. काका म्हणाले, "बरं आहे की रे." मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. "मधे चला," म्हणालो.
त्यांनी स्वतः रोप उपटलं. मग शेजारचं. मग तिसरं.
"कधीपासून माहीत होतं?"
"जूनपासून." कडुनिंबाचं सगळं सांगितलं.
"आणि तू इतवारची वाट बघत बसलास?"
"झाड भेरूजींचं आहे, काका."
काका बांधावर बसले. खिशातला फोन वाजला. नाव बघून माझ्याकडे दिला. "कॉलनीवाला आहे. काका शेतात आहेत म्हणून सांग."
सांगितलं. तो म्हणाला, "किसके खेत में?"
"हमारे," मी म्हणालो.