माउंटखाली झाकलेली दोरी

प्रिय हसीब,

आपल्या फ्रेमच्या दुकानातल्या जुन्या चित्राची काच परवा फुटली. मीच फोडली, शिडी सरकवताना. तेच रे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं विलायती लढाईचं चित्र. गाव जळतंय, घोडेस्वार अंगावर आलाय, बाई हात पसरून आडवी उभी, मागे तिचा घागरा धरून पोरगा. बाईच्या गालावर एक थेंब. अब्बा गेले तेव्हा मी एकोणीसची, तू नऊचा. तेव्हापासून एरंडोलातलं प्रत्येक गिऱ्हाईक चित्र बघून माझ्याकडे बघतं. रुपचंदनाना तर अजून म्हणतात, ही आपली सबाच शे. आणि तू मान खाली घालतोस.

चौकट उघडली, थेंबावर कापूस फिरवला, तर तो निघूनच आला. माशीची घाण रे! वीस वर्षं आपण तिच्यावर हळहळलो! एकटीच खदाखदा हसले मी.

मग चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट काढला. ओल लागलेली कड झाकायला अब्बांनी तो खालून चांगला चार बोटं रुंद ठेवला होता. त्याखाली दोरी निघाली! घोड्याच्या मागच्या पायांत गुंतलेली. एक टोक बाईच्या टाचेखाली, दुसरं पोराच्या मुठीत. त्याचा तो हात आपल्याला कधी दिसलाच नव्हता. घोडा अंगावर येत नाहीये हसीब, तो कोसळतोय. दोघांनी मिळून पाडलाय त्याला.

कॉलेज सुटलं तेव्हा वर्षभर रडले, खोटं कशाला बोलू? पण पुढे चौकटीचा कोपरा केसाइतकीही फट न राहता जुळायला लागला, आणि दुकान माझं झालं. शाळेतून येऊन काचा कोण पुसायचं? खिचडी कोण टाकायचं, आणि करपवायचंही? तूच ना!

आधी आपाचं लग्न, मग माझं, असं म्हणून तू मिसबाहला दोन वर्षं ताटकळत ठेवलंयस. तिनंच फोनवर सांगितलं. गाढवा, मला करायचं तेव्हा मी करीन, तुला विचारणारही नाही. रविवारी साक्रीला जाऊन तिच्या अम्मी-अब्बूंशी बोलून आले. मिसबाहनं पुढच्या महिन्याची दहा तारीख सांगितलीय, आता धुळ्याहून तुझा होकार तेवढा कळव. हे चित्र तुम्हा दोघांना. दोरी दिसेल असा नवा माउंट कापलाय. ओलीचा डागही दिसतो, दिसू दे.

दोरीचं एक टोक धरून उभी असलेली,
तुझीच
सबाआपा