दोन इंच सैल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्म्यापर्यंतच वाकून केला आहे, उरलेला निम्मा तू मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे, भावोजींची साखर खाली आली का, गच्चीचं गळणं थांबलं का, हे विचारायला मी गेल्या आठ दिवसांत तुला अकरा वेळा फोन केला. गुडघ्यावर तू वीस मिनिटं बोलतेस, साखरेवर दहा, आणि मी नुसतं "चिमी" म्हटलं की तुमच्याकडची रेंज जाते. फार हुशार रेंज आहे. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र मधेच कापता येत नाही, आणि तुझा चष्मा नेहमीप्रमाणे सापडणार नाही तेव्हा भावोजी ते मोठ्याने वाचतील, म्हणजे तुला ऐकावंच लागेल. भावोजी, तुम्हालाही नमस्कार. घसा खाकरून घ्या, पत्र लांब आहे.

मुद्दा तिघांनाही ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझं डोकं हलकं होणार नाही. तुझी लेक टीव्हीवरची वजन कमी करण्याची स्पर्धा जिंकली. जिंकून ती स्वतःच्या घरी न जाता माझ्याकडे आली आणि आठ दिवस दुकानामागच्या खोलीत, अर्धवट शिवलेल्या कपड्यांच्या मधे, घडीच्या खाटेवर झोपते आहे. कारण पाच महिन्यांपूर्वी तू तिला म्हणालीस की जगासमोर काट्यावर उभी राहिलीस तर माझी मुलगी म्हणून सांगू नकोस. ती उभी राहिली. आणि शेवटचा भाग झाल्यावर तू निरोप धाडलास की अंगावर मांस चढेपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस. तू तो कार्यक्रम एकदाही पाहिला नाहीस असं तू म्हणतेस. न पाहता तुला तिच्या गळ्याची हाडं कशी दिसली, हे मी विचारणार नाही. (भावोजी, इथे खोकू नका.)

ती तिथे का गेली हे तुला तिने सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, बटणं शिवता शिवता. तिच्या ऑफिसात सगळ्यांच्या खुर्च्या बदलल्या. सगळ्यांना निळ्या आल्या, हातांच्या. हिच्यासाठी न विचारता एक वेगळी आली, काळी, लोखंडी, बिनहातांची. कोणी काही बोललं नाही, उलट फार प्रेमाने आणून ठेवली. तेवढ्यावरून पोरीने अर्ज भरला. मी ते ऐकून सुईत दोरा ओवायला घेतला आणि बराच वेळ तो ओवलाच गेला नाही.

तर शेवटचा भाग. आमच्याकडे तो बघायला निम्मी गल्ली लोटली, कारण तुझ्या भावजयीने महिनाभर आधी सगळ्यांना आवतण दिलं होतं. पुढच्या रांगेत निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या शेजारी कोपऱ्यावरचा औषधवाला, त्याच्या मागे सलूनवाला, आणि बाकी जागा मिळेल तिथे. चिमी काट्यावर चढली. एकशे अठरावरून एकाहत्तर. खोलीत एवढा गलका झाला की टांगलेला एक शर्ट खाली पडला. तुझी भावजय रडली, मी चष्मा पुसला. मग चिमी आत जाऊन घरून शिवून आलेला कोट घालून मंचावर आली, जरा बाजूला वळली, आणि आमच्या खोलीतल्या टाळ्या मधेच थांबल्या. खांदे दंडावर उतरलेले. बाह्या पंज्यापर्यंत. कोटाच्या आत पोरगी कुठे आहे ते शोधावं लागत होतं. औषधवाला म्हणाला, "ही आजारी आहे." झालं. तिथून पुढे मी माझ्याच घरात आठ दिवस निदान ऐकतो आहे.

मुख्याध्यापक म्हणाले, अति तिथे माती. (हे ज्या दिवशी म्हणाले त्याच दिवशी त्यांची पँट कंबरेत दीड इंच वाढवायला माझ्याकडे पडलेली होती, आणि गेल्या वर्षातली ही तिसरी वाढ.) औषधवाल्याने तिच्यासाठी ताकदीच्या तीन बाटल्या काढून ठेवल्या आहेत. सलूनवाल्याचं मत असं की वजन कमी करावं, माणूस कमी करू नये, आणि हे वाक्य त्याला इतकं आवडलंय की तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला गळ्याशी वस्तरा धरून ऐकवतो, त्यामुळे अजून कोणी विरोध केलेला नाही. तुझी भावजय मी मशीनवर असताना मोबाईलवर लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवते. मी नको म्हणतो, ती "एवढंच" म्हणते आणि चाळीस वाचते. कोणी लिहितो हिला सलाईन लावा. कोणी लिहितो ही सगळी कॅमेऱ्याची करामत. एक बाई लिहितात की आधी कशी गोड गुबगुबीत दिसायची. ताई, ही मंडळी आधी कुठे होती? पहिल्या भागाला याच मोबाईलवर लोक हिला ढोल म्हणत होते, काटा मोडेल म्हणून हसत होते. लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायी चालू देत नाहीत, हे आपण लहानपणी ऐकलं होतं. आता उभंही राहू देत नाहीत. मला राग आला, खरंच आला, पण या वयात राग आला की आधी पाठ दुखते, म्हणून शेक घेत बसलो.

आणि गंमत बघ. पडद्यावर हातभर आकडा लिहिलेला होता, एकाहत्तर. एकाहत्तर किलोचा सापळा मी तरी आजवर पाहिलेला नाही. कार्यक्रमाच्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी टीव्हीवर येऊन सांगितलं की मुलगी ठणठणीत आहे. ते कोणी ऐकलं नाही. लोकांनी काट्यावर विश्वास ठेवला नाही, डॉक्टरवर ठेवला नाही, कोटावर ठेवला. आणि तो कोट, ताई, मी शिवला.

त्यांचा नियम असा होता की शेवटच्या दिवशीचा कपडा घरच्यांनी शिवून पाठवायचा आणि स्पर्धकाने तो मंचावर जाण्याआधी दहा मिनिटंच बघायचा, म्हणजे तो अंगावर बसतो की नाही याची सगळ्यांना धाकधूक. (ज्याने हा नियम काढला त्याने जन्मात कधी ट्रायल दिलेली नसणार.) तीन आठवडे आधी माप आलं, छापील कागदावर. मी ते भिंतीवर चिकटवलं, कापड पसरलं, खडू घेतला आणि कोट मापापेक्षा दोन इंच सैल कापला. शिवणीच्या आत कापड राखणं वेगळं, ते कोणाला दिसत नाही. मी बाहेरूनच ढगळ शिवला. का, तर सवय. चाळीस वर्षांत माझ्याकडे दिलेल्या मापावर कोणी टिकलेलं नाही, सगळे वाढतच गेले. त्यात ही पोरगी त्या तीन आठवड्यांत आणखी उतरली. माझे दोन इंच आणि तिचे दोन. त्यांच्या कपडेवाल्या बाईने पाठीमागून अठरा टाचण्या लावल्या तरी समोरून कोट लोंबतच राहिला.

त्या बाईचा दुसऱ्या दिवशी फोन आला. बोलल्या त्यातलं शेवटचं वाक्य, "टेप वाचता येत नसेल तर दुकान बंद करा." मी "हो" म्हणालो. काय म्हणणार? गल्लीतही बातमी फुटली. आता गिऱ्हाईक माझ्यासमोर स्वतः पुन्हा मोजून बघतं, आणि शाळेतल्या शिवणाच्या बाई तर परवा स्वतःचा टेप घेऊन आल्या. मला हात टेकायचेही त्राण नाहीत. याच्यावर कडी म्हणजे परवापासून चार जणी येऊन गेल्या. त्यांना तसाच कोट हवा आहे, तितकाच ढगळ, कारण त्यात बारीक दिसतं. चौघींपैकी दोघी त्या दिवशी आमच्या खोलीत बसून चिमीसाठी हळहळत होत्या.

तर ताई, एवढंच सांगायचं होतं. पोरीने स्वतःचे हाल केलेले नाहीत. ती माझ्याबरोबर जेवते, माझ्यापेक्षा जास्त जेवते, आणि कापडाचा तागा खांद्यावर टाकून दोन जिने चढते, जो मी अर्ध्या जिन्यात ठेवून बसतो. जे काही हाडांचं दिसलं ते माझ्या कात्रीचं काम. राग धरायचा तर माझ्यावर धर, मी लहान आहे, मला सवय आहे. पण तिला घरी ये म्हण. ती माझ्याकडे कितीही दिवस राहिली तरी मला जड नाही, तिला जड जातंय. फोन वाजला की मशीन थांबवते, तुझा नसला की पुन्हा चालू करते.

तुझा थकलेला,
धाकटा भाऊ

ता. क. भावोजींची पँट तयार आहे. त्यांनी दिलेलं माप दहा वर्षांपूर्वीचं होतं. मी माझ्या डोळ्यांनी शिवली आहे, बसेल.

ता. क. २. भावोजी, इथून पुढचं तुम्ही वाचू नका, ताईला वाचू द्या. तिचा चष्मा फ्रिजवर असतो, तिला माहीत आहे.

ताई, आता आपण दोघंच. वर सवयीचं जे लिहिलंय ते भावोजींच्या कानांसाठी. माझी अशी सवय नाही, हे तुलाही ठाऊक आहे. कापड टेबलावर पसरलं त्या दुपारी तुझा फोन आला होता. चार महिन्यांत तू तिचं नाव काढलं नव्हतंस, तेव्हाही नाही काढलंस, "तिचा कोट" म्हणालीस. सैल शिव म्हणालीस. काखेत काचलं तर ती कोणाला सांगायची नाही, तशीच ओठ मिटून उभी राहील, म्हणालीस. मी म्हटलं माप आलंय, तर म्हणालीस तिचं माप मला शिकवू नकोस, आणि फोन ठेवलास. मी गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो. तुला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. तेव्हा आठ दिवस सगळे लोक ज्या दोन इंचांवर बोलताहेत ते तुझे आहेत. मी ताकास तूर लागू दिलेली नाही, कपडेवाल्या बाईंचं बोलणंही मीच खाल्लं. पण चिमीला वाटतं की तुला तिची लाज वाटते. विनंती एकच. तिला फोन कर आणि सैल मीच सांगितलं होतं, एवढंच म्हण. पुढे काही बोलू नकोस, तुला जमणार नाही.

ता. क. ३. हे सकाळी लिहितो आहे. काल पाकीट बंद करणार तेवढ्यात चिमी कोट घेऊन समोर बसली. उसवून आत घेऊ का म्हणून मीच विचारलं होतं. तिने शिवण बोटाने तपासली आणि म्हणाली, "मामा, तुझ्या हातून अर्धं सूतही चुकत नाही. कोणी सांगितलं तुला?" मी दोनदा सवय म्हणालो. तिसऱ्यांदा तुझं नाव सांगून टाकलं. तिने कोट घडी करून ठेवला, आत घेऊ नकोस म्हणाली, आणि थोड्या वेळाने तुमच्या गावच्या बसची वेळ विचारली.

टपालाने पाठवणार होतो ते पत्र आता तिच्याच हातात देतो आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी आहे, आणि भावोजींनी मोठ्याने वाचलं असेल तर तिने सगळं ऐकलंही आहे. एवढं लांबण लावायला नको होतं, चुकलंच माझं. कागद राहू दे. तिला आत घे.