तीनदा चुकलं की खातं बंद

भोर,
१९ नोव्हेंबर २००८

प्रिय कामरान,

अनेक दुआ. शारजात तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे थंडी सुरू झाली. माझा गुडघा होता तसाच आहे. तू विचारलं नव्हतंस, पण सांगून ठेवते.

आता तुझ्या त्या इंटरनेटवरच्या बँकेबद्दल. पूर्वी शाखेत आनंदराव कॅशियर होते. सही वाकडी आली तरी म्हणायचे, "मॅडम, तुम्हाला मी ओळखतो." आता मी मीच आहे हे मला एका यंत्राला पटवून द्यावं लागतं. तीनदा पासवर्ड चुकला की खातं बंद, आणि ते उघडायला फोन जातो तुला, कारण खात्यावर नंबर तुझा. पाचगणीच्या शाळेतल्या नन्सनीसुद्धा आमच्यावर एवढा संशय घेतला नाही, आणि आम्ही तर त्या लायकीच्या होतो.

तू पोलिसांकडच्या तक्रारीत लिहिलंस, सहा महिन्यांत पाच वेळा कुणीतरी खात्यात शिरायला बघितलं, तेही एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून. त्यावरून काल पोलीस वर्षाराणीचे दोन्ही कॉम्प्युटर उचलून घेऊन गेले. ही विंझरची, माझ्याकडे इंग्रजी शिकलेली. सासरच्यांशी भांडून तिनं हा कॅफे टाकला. मी गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं.

"बाई, म्या कुनाचा पासवर्ड कदी बघितला न्हाई," ती म्हणाली. "तुमी टाईप करता तवा तोंड फिरवून बसते. तुमी तरी सांगा की त्यांना."

मी तिचा चहा प्यायले आणि गप्प घरी आले.

ती तोंड फिरवते हे खरं आहे. म्हणून तिला दिसलं नाही. पासवर्ड मला पाठ आहे, कामरान. एकदाही विसरले नाही. पाचही वेळा मीच मुद्दाम चुकीचा टाकला, आणि तू विचारलंस तेव्हा 'मी नाही' म्हणाले. खातं बंद झालं की संध्याकाळी तुझा फोन येतो. आधी बँकेवर रागावतोस, मग जेवण झालं का विचारतोस. सप्टेंबरात तर तुझ्या मुलीलाही फोन दिलास.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

पत्र पेटीत टाकून मी थेट पोलीस ठाण्यात जाते आहे, सगळं लिहून द्यायला. तिथून वर्षाराणीकडे. ते जास्त अवघड आहे. तक्रार मागे घ्यायला तुझी सही लागेल, ती लगेच पाठव.

आणि पासवर्ड बदल. नवा मला कळवू नकोस, माझ्या हाती तो सुरक्षित नाही.

तुझी,
अम्मी