डावा रकाना

देवपूर, धुळे

प्रिय मृणाली,

तुझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण दीड महिना माझ्या टेबलावर पडून आहे. तू तीनदा फोनवर विचारलंस आणि मी तीनदा डोळ्यांची सबब सांगितली. डोळे ठीक आहेत. शुद्धलेखन मी पहिल्याच दिवशी तपासलं. अकरा चुका निघाल्या, आणि 'परिस्थिती'तली शेवटची वेलांटी तू अजून चुकतेसच. बाकी प्रकरण उत्तम आहे. मी लिहिलं असतं तर राज्यकर्त्यांवर आणि शस्त्रं विकणाऱ्यांवर चार पानं आग ओकली असती. तू आवाज न चढवता दाखवलंस की दोघांच्या भांडणात काडीचा संबंध नसलेला तिसऱ्याच देशातला एक फिटर समुद्रात कसा मरतो. त्या फिटरचं नाव तू लिहिलं नाहीस. तो तुझा भाऊ आहे हेही नाही. मी ते पान उलटं ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्यातला दोन रकान्यांचा तक्ता मात्र माझाच. बत्तीस वर्षं मी वर्गात फळ्याच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे कारणे, उजवीकडे परिणाम. घरी तरी तुम्हाला कुठे सोडलं? शेजारच्या प्रमिलाबाईंच्या खिडकीची काच फुटली तेव्हा तुम्हा दोघांना कागद देऊन बसवलं होतं. तू डावीकडे सात कारणं लिहिलीस, त्यात वाराही होता. युवराजने एकेकच शब्द लिहिला. कारण : चेंडू. परिणाम : नाना. प्रमिलाबाई इतक्या हसल्या की काचेचं विसरूनच गेल्या.

तुझी आई बरी आहे. वांग्याचं भरीत अजून चौघांच्या अंदाजानेच करते आणि संध्याकाळी प्रमिलाबाईंकडे वाटी पाठवते. मी व्याख्यानं बंद केली. परवा चाळीसगावहून बोलावणं आलं होतं, आवाज बसलाय म्हणून कळवलं. चाळीसगावचं स्टेशन मला नको आहे. युवराजला शेवटचं तिथूनच गाडीत बसवलं होतं. खिडकीतून तो म्हणाला होता की जहाजावर सगळ्यात जास्त काय लागतं तर ऐकून घेणारं माणूस, आणि नाना, तुम्ही तिथे एक दिवस टिकणार नाही. आम्ही हसलो होतो.

एरंडोलची व्याख्यानमाला तुला आठवत असेल. मागच्या वर्षीचा जानेवारी, विषय 'आजची युद्धं : कारणे आणि परिणाम'. आदल्या दिवशी मी घरात येरझारा घालत भाषण घोकत होतो. तांबड्या समुद्रात जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांवर आलो तेव्हा आई भाजी निवडता निवडता थांबली. वसाहतींपासून सुरुवात करून मी तिला तेल, बंदरं, विमा सगळं समजावलं. अर्धा तास तरी बोललो असेन. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बठ्ठं समजनं. पन आपला युवराजनं जहाज तठूनच जाई का?" जहाजवाले नियम पाळतात, काळजी करू नकोस, असं काहीतरी म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं होतं. माणसं भिंतींवरही बसली होती. मी रंगात आलो होतो. भीती हेच सत्तेचं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे, घाबरलेला माणूस आपला निर्णय दुसऱ्याच्या हातात देतो, असं काहीसं चाललं होतं. खिशातला फोन दोनदा थरथरला. तिसऱ्यांदा टाळ्या सुरू होत्या म्हणून पाहिला. युवराजचा निरोप होता : 'नाना, जहाज तांबड्या समुद्रातून नेणार. ज्यांना यायचं नाही त्यांनी भारतीय वेळेने सहाच्या आत लिहून द्यायचं, आधीच्या बंदरात उतरवतील. काय करू?' टाळ्या थांबत आल्या होत्या. मी घाईने लिहिलं, 'व्याख्यान चालू आहे. भिऊन निर्णय घेऊ नकोस.' आणि लोकांकडे वळलो. घड्याळात साडेपाच झाले होते, मी सव्वासहापर्यंत बोललो. नंतर संयोजक शालिग्रामभाऊंनी हार घातला, गर्दीने घेरलं. त्यातून सुटून फोन लावला तेव्हा तो लागला नाही. पाचव्या दिवशी जी बातमी आली ती तुला ठाऊक आहे.

तो निरोप मी कुणाला दाखवला नाही. लोक भेटायला आले तेव्हा मी त्यांना युद्धाची कारणं सांगत बसलो. आई बघत होती.

तुझ्या प्रकरणात पान एकशे बारावर एक वाक्य आहे : 'नऊ जणांनी जाण्यास नकार दिला; मृत फिटरने संमती का दिली, याचे कारण उपलब्ध नाही.' त्याच्यासमोरचा डावा रकाना तू कोरा सोडलास. दीड महिना मी त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहतोय. आज सकाळी आईला सगळं सांगितलं, फोन तिच्या हातात दिला. तिला वाचायला वेळ लागला. फोन परत देताना एवढंच विचारलं, "मृणालीले सांगं का?" तुला सांगितलं नव्हतं, म्हणून हे पत्र. निरोपाची प्रत सोबत जोडली आहे, तुला पुरावा लागतो. युवराजचं नाव लिही, मृणाली, पूर्ण लिही. आणि त्याच्यासारखाच एक शब्द डाव्या रकान्यात भर. कारण : नाना.

म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
नाना